हिरवा दिवा आणि काळी जमीन

आमच्या नेत्रतपासणीच्या ट्रेलरच्या पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला होता, आणि डॉक्टरांचे चाकांचे स्टूल कोणी हात न लावता मागच्या डाव्या कोपऱ्याकडे निघाले होते. दोन्ही गोष्टी मी एकाच जागी उभा राहून पाहिल्या. हिरवा दिवा म्हणजे चारही जॅक टेकले, ट्रेलर समपातळीत आला, आता कामाला लागा. स्टूल काय सांगत होते ते वेगळे लिहायला नको. ड्रायव्हरने ते पायाने अडवले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "सर, दिवा तं हिरवाच शे." या वाक्यात तक्रार होती की समाधान, हे मला अजून ठरवता आलेले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मी हे वर्षानुवर्षे पाहत आलो आहे: ॲमीटरचा काटा अडकलेला असला, तरी मुले काट्यावरचाच आकडा वहीत उतरवतात आणि तारेचा चटका बसत असला तरी तारेवर विश्वास ठेवत नाहीत.

एका लहान विश्वस्त संस्थेचे फिरते नेत्रतपासणी केंद्र म्हणून हा ट्रेलर चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून फिरतो. निवृत्तीनंतर मी त्याच्याबरोबर जाऊ लागलो, नोंदी ठेवण्यासाठी आणि खरे सांगायचे तर घरी बसवत नाही म्हणून. त्याचा मूळ आराखडा कॅम्पर ट्रेलरचा, म्हणजे परदेशांत कुटुंबे गाडीमागे जोडून सहलीला नेतात त्या चाकांवरच्या घराचा आहे. चार कोपऱ्यांना चार हायड्रॉलिक जॅक आहेत, आणि भिंतीचा एक मोठा तुकडा आतल्या सामानासकट बाहेर सरकतो. या स्लाइड-आउटला आमच्याकडे सगळे 'कप्पा' म्हणतात. अक्षरांचा तक्ता रुग्णापासून सहा मीटरवर लागतो, म्हणून ट्रेलर लांब. आणि स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राच्या, टेबलाभोवती रुग्ण, डॉक्टर व हाताला धरून आणणारी सून अशी तिघे मावायला हवीत, म्हणून कप्पा. तो उघडला नाही, तर आत उरतो तो केवळ एक अरुंद बोळ. सहलीच्या मैदानात गाडी उभी करायची जागा बहुधा काँक्रीटची किंवा दाबलेल्या खडीची असते, असे गृहीत धरून ही सारी यंत्रणा बेतलेली असते. आमच्या वाट्याला शाळेचे मैदान येते, खळे येते, नाहीतर पऱ्हाट्या उपटून मोकळे झालेले कपाशीचे वावर येते.

त्या सकाळी कप्प्यानेही साथ सोडली. बटण दाबल्यावर तो हातभर बाहेर आला, मग उजवी बाजू पुढे आणि डावी मागे अशी तिरकी अवस्था झाली, पंपाचा आवाज जड झाला आणि ड्रायव्हरने बोट उचलले. बाहेर नऊ वाजताच ऊन चढलेले होते. पावरा आदिवासी बायका शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांतल्या काही पहाटे पाड्यावरून चालत निघालेल्या. "पंप गेला," असे कोणीतरी म्हटले आणि पाच मिनिटांत ते मत सर्वांचे झाले. ट्रेलर बांधून देणाऱ्यांना फोन लावला, तर त्यांच्या माणसानेही ट्रेलर न पाहता तेच निदान केले आणि मोटर, पंप, व्हॉल्व्ह असा अख्खा पॉवर पॅक बदलण्याचा आकडा सांगितला. तो ऐकून ड्रायव्हरने फोन माझ्या हातात दिला.

पंपावर आळ येण्याचे कारण इतकेच की आवाज तो करतो.

मिस्तरी आला तो अडावदच्या बाजूने, मोटारसायकलवर, मागे केळीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि पिशवीत मल्टिमीटर घेऊन. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे जॅक आणि जेसीबीचे सिलिंडर उघडून तेल अडवणारे सील बदलणे हा त्याचा धंदा. चाकांवरचे घर त्याने कधी पाहिले नव्हते. पॉवर पॅकचे झाकण उघडायला तो तयार होईना. आधी बाहेरून एक फेरी मारली, मागच्या डाव्या जॅकपाशी उकिडवा बसला आणि विचारले, "रातले गाडी आठेच व्हती का?" होती. आम्ही आदल्या संध्याकाळीच येऊन जॅक टेकवून ठेवले होते. त्याने जॅकच्या चकचकीत दांड्यावर सीलच्या अगदी कडेला ड्रायव्हरने स्केचपेनने काढलेली बारीक रेघ पाहिली. ती जिथल्या तिथे होती. मग त्याने बोटाने माती उकरली. "हाऊ पाय बसी गया, सर. जॅक नई, जमीन."

या रेघेबद्दल थोडे लिहायला हवे, कारण अशा तक्रारींत तिच्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. रात्रीतून गाडी एका कोपऱ्यात खाली गेली, तर दोषाच्या जागा दोन: दांडा आत गेला किंवा पायाखालची जमीन गेली. रेघ सीलच्या कडेलाच असेल आणि कोपरा तरीही खाली असेल, तर तेल, व्हॉल्व्ह, सील हे सर्व निर्दोष. रेघ आत गडप झाली असेल, तर मात्र तेलाला कुठून तरी वाट मिळालेली असते; बहुतेक वेळा तेल अडवून धरणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा कण अडकलेला असतो, नाहीतर हाताने जॅक सोडण्याचा स्क्रू कोणीतरी पुरता आवळलेला नसतो. तिसरी शक्यता आमच्या हवेची. कोंडलेले तेल दर अंशाला सुमारे ०.०७ टक्के फुगते किंवा आकसते. दुपारी लोखंड हात लावू देत नाही आणि पहाटे पायथ्याला अंगावर काही ओढावेसे वाटते. एवढ्या वेळात तेलाच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला, तर ४० सेंटिमीटर उंचीचा तेलाचा स्तंभ सुमारे ७ मिलिमीटरने कमी-जास्त होतो. पश्चिमेकडचे जॅक उन्हात आणि पूर्वेकडचे सावलीत असले, की दुपारनंतर ट्रेलर किंचित पूर्वेकडे झुकतो, आणि त्यात कुणाचाच दोष नसतो. दांडा पहाटे आत जाऊन दुपारी परत बाहेर येत असेल तर ते तापमान. नुसताच आत जात राहिला तर गळती. एवढे कळल्यावर आम्ही सिलिंडर उघडण्याची घाई करणे सोडले.

जमिनीचा हिशेब त्याहून साधा आहे. जॅकचा गोल तळवा २३ सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे सुमारे ४१५ चौरस सेंटिमीटरचा. त्या कोपऱ्यावर दीड टन भार धरला, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेतीन किलोहून अधिक दाब येतो. सुकलेली काळी माती वरून इतकी कठीण दिसते की कुदळ उडावी. पण एप्रिलमध्ये तिला हात जाईल अशा भेगा पडलेल्या असतात आणि पाणी मिळाले की तीच माती फुगते, मऊ होते, जागा बदलते. शाळेच्या मैदानावर वर मुरूम पसरलेला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मिस्तरीने उकरल्यावर दिसले की आमचा पाय पाण्याच्या नळासाठी खोदून बुजवलेल्या चरावर बरोबर मध्यभागी पडला होता. चर बुजवताना माती दाबलेली नव्हती आणि नळाच्या जोडावर थोडा पाझर होता. त्याच तळव्याखाली ६० बाय ६० सेंटिमीटरची जाड फळी असती, तर दाब जवळजवळ नवव्या हिश्श्यावर आला असता. ट्रेलरबरोबर आलेले पॅड प्लास्टिकचे आणि तळव्यापेक्षा जेमतेम बोटभर मोठे आहेत.

पण कप्पा का अडकला? याचे उत्तर मला आवडले, कारण ते पाहायला झाकण उघडावे लागत नाही. ओट्यावरची बाज एका पायाखाली खड्डा आला की डुगडुगते, पण तिची दोरी सैल असल्याने ती वाकून घेते. ट्रेलरचा सांगाडा वेल्डिंगचा. त्याच्या तीन पायांनी पातळी ठरवली की चौथा एकतर हवेत राहतो किंवा सांगाड्याला पीळ देतो. म्हणूनच जॅक जोडीने चालवतात, आधी पुढची-मागची उंची जुळवतात आणि मग डावी-उजवी. एक कोपरा खचला की भिंतीतली कप्प्याची चौकट काटकोनात राहत नाही. कप्पा ढकलणारे दोन सिलिंडर एकाच तेलवाहिनीवर असतात आणि तेल जिकडे विरोध कमी तिकडे आधी जाते; दोन्ही बाजू बरोबरीने चालाव्यात म्हणून मध्ये दात्यांचा आडवा दांडा असतो खरा, पण पिळलेल्या चौकटीत तोही हतबल होतो. बहुतेक निर्माते आधी पातळी आणि मगच कप्पा, आणि आवरताना आधी कप्पा आत, मगच जॅक वर, असा क्रम सांगतात तो याचसाठी. मिस्तरीने कप्पा तिरका असताना बटण जोरात दाबून धरण्याचा ड्रायव्हरचा विचार तिथेच मोडून काढला. त्याने आधी कप्पा मागे घ्यायला लावला, मग जॅक उचलून भुसावळहून भंगारात आणलेले रेल्वेच्या लाकडी स्लीपरचे तुकडे पायाखाली सरकवले, आणि ट्रेलरला पुन्हा टेकवले. कप्पा बाहेर आला, यावेळी सरळ.

आला, पण दमलेल्या बैलाच्या चालीने.

आता सर्वांची नजर पुन्हा पंपावर गेली. मिस्तरीने मीटर काढला. जॅक आणि कप्पा चालवणारी मोटर १२ व्होल्टची असते आणि भार आला की शंभर अँपिअरहून जास्त प्रवाह ओढते. इतक्या प्रवाहाला थोडासाही अडथळा महागात पडतो. मोटर बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे बॅटरी भरलेली. इथपर्यंत सगळेच तपासतात आणि बॅटरी ठीक म्हणून पुढे जातात. त्याने ड्रायव्हरला बटण दाबून धरायला सांगितले आणि मोटर चालू असतानाच पुन्हा मोजले: बॅटरीवर ११.८, मोटरच्या खिळ्यावर ९.४. मधले सव्वादोन व्होल्टांहून अधिक कुठे गेले? लाल तार तपासली, त्यात अर्ध्या व्होल्टाहून कमी. मग त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे पंपाच्या अंगावर ठेवले. जिथे शून्याच्या आसपास दिसायला हवे, तिथे दोन व्होल्ट दिसले. म्हणजे जातानाची वाट मोकळी होती, परतीची वाट बुजली होती. अर्थिंगची तार सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली होती, तिथे बोल्टखाली कारखान्यातला रंग तसाच होता, आणि दोन पावसाळ्यांनी त्यात गंज भरला होता. दोन व्होल्ट गुणिले १२० अँपिअर म्हणजे २४० वॅटची उष्णता त्या एका बोल्टखाली निर्माण होत होती; तिथला रंग तपकिरी पडलेला होता आणि तारेचे आवरण कडक झाले होते. मी वर्गात V म्हणजे I गुणिले R हे सूत्र हजारदा फळ्यावर लिहिले असेल, पण भाजलेल्या रंगाच्या वासासकट ते पहिल्यांदाच समोर आले.

त्याने बोल्ट काढला, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, तारेचे टोक कापून त्यावर बोल्टात अडकवायचे नवे धातूचे कडे, म्हणजे लग, दाबून बसवला, आवळल्यावर वरून ग्रीस लावले. कप्पा पूर्वीच्या निम्म्या वेळात बाहेर आला. पॉवर पॅकच्या किमतीपुढे या कामाचे पैसे सांगायलाही संकोच वाटेल इतके कमी होते, आणि मला त्याचा आनंद वाटण्याऐवजी थोडा रागच आला. कशाचा, ते नीट सांगता येत नाही. फोनवरचा माणूस खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. दूर बसलेल्या माणसाला सुटा भाग बदलणे हा एकच उपाय हातात असतो, आणि बोल्टखालचा गंज कुठल्याही यादीत सुटा भाग म्हणून मिळत नाही.

तेलाबाबत मिस्तरी आणि मी एकमेकांशी थोडे भांडलो. टाकीत तेल कमी दिसत होते आणि त्याला त्याचे नेहमीचे ६८ नंबरचे हायड्रॉलिक तेल ओतायचे होते. माहितीपुस्तकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल लिहिलेले आहे, जे त्याहून पातळ असते. शेवटी मुद्दा वेगळाच निघाला. जॅक खाली आणि कप्पा बाहेर असताना टाकी रिकामीच दिसणार, कारण तेल सिलिंडरांत गेलेले असते. अशा वेळी भरले तर सर्व आवरताना परतलेले तेल हवेच्या भोकातून बाहेर येते. पूर्वी कोणीतरी हेच केले असावे, कारण टाकीखालच्या पत्र्यावर जुना लाल डाग होता आणि त्यावर धूळ बसून त्याची साय झाली होती. सर्व आत घेऊन पाहिले, तर तेल खुणेपर्यंत होते. गळती पाहण्यासाठी मात्र त्याने पुठ्ठा वापरला. पाइपांच्या जोडांपासून चार बोटे अंतरावर तो पुठ्ठा फिरवत नेत होता आणि ड्रायव्हर हात पुढे करू लागताच त्याच्यावर खेकसला. त्याच्या ओळखीच्या एकाचे बोट अशाच तपासणीत गेले होते. दाबाखालचे तेल सुईएवढ्या छिद्रातून निघाले, तर ते कातडीतून आत शिरते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत मांस सडू लागते. त्याला ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज असते. याच मिस्तरीने नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली डोके घालायलाही नकार दिला. स्लीपरच्या तुकड्यांची चवड सांगाड्याखाली बसेपर्यंत तो बिडी ओढत बाहेर थांबला, आणि व्हरांड्यातल्या बायका आमच्या उशिराकडे जितक्या शांतपणे पाहत होत्या तितकी शांतता माझ्यात नव्हती.

राहिला हिरवा दिवा. शाळेमागे घरकुलाचे काम चालू होते. तिथल्या गवंड्याकडून पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणली आणि ट्रेलरच्या आत चार कोपऱ्यांत धरली. स्लीपरचे तुकडे लावण्यापूर्वी हे केले असते तर आकडा आणखी मोठा आला असता. पण ते लावून, दिवा हिरवा करून घेतल्यावरही सहा मीटरच्या लांबीत ९ सेंटिमीटरचा उतार निघाला, म्हणजे एका अंशाला थोडा कमी. चाकांच्या स्टुलाला एवढे पुरते. नळीतले पाणी आणि जॅकमधले तेल एकाच शास्त्राची लेकरे. सतराव्या शतकात पास्कलने दाबाचा नियम मांडला आणि १७९५ साली इंग्लंडमध्ये ब्रामाने त्यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून जगात जे काही तेलाने उचलले जाते ते त्यावरच. मात्र नळीला कोणी पातळी शिकवावी लागत नाही, आणि पॅनेलला शिकवावी लागते. त्याच्या पोटातला संवेदक ज्या स्थितीत 'हे शून्य' असे एकदा सांगितले, तीच स्थिती आयुष्यभर खरी धरतो. आमचा संवेदकाचा डबा कपाटाच्या आत प्लायवूडच्या फळीवर बसवलेला होता. फळी उन्हापावसाने वाकली, दोन स्क्रू सैल झाले, आणि डबा स्वतःच तिरका झाला. तिरका डबा ट्रेलरला आपल्याइतका तिरका करून घेत होता आणि मग हिरवा दिवा लावत होता. आम्ही फळी काढून डबा सांगाड्याच्या लोखंडी पट्टीवर आवळला, नळीने पातळी जुळवली आणि मग त्याला नवे शून्य शिकवले.

तपासणी साडेअकराला सुरू झाली. पहिली आली ती एक म्हातारी; पायरी चढताना तिने माझा हात घट्ट धरला आणि आत गेल्यावरही बराच वेळ सोडला नाही. स्लिट लॅम्पच्या पट्टीवर हनुवटी टेकवताना तिला मान वाकडी करावी लागली नाही, हे मी मुद्दाम पाहिले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला होता. पूर्वी, ट्रेलर येण्याआधी, आमचे शिबिर याच व्हरांड्यात व्हायचे: हातातली टॉर्च, तक्ता, दोन बाके, आणि खिडकीला चादर. जीपमधून सगळे सामान यायचे आणि ट्रेलर जिथे वळत नाही त्या पाड्यांवरही जायचे. आता आम्ही अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यापासून फार आत जाऊ शकत नाही, आणि ज्यांना सर्वांत कमी दिसते तेच सर्वांत दूरून चालत येतात. दुसऱ्या बाजूला, पडदा, थंडावा, आणि अंधाऱ्या खोलीत होणारी नीट तपासणी, ज्यात पूर्वी निसटलेले काचबिंदूही सापडले आहेत. या दोन गोष्टी मला एका तराजूत घालता येत नाहीत, आणि संस्थेच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी बोलून मी सर्वांना वैताग आणला आहे.

दुसऱ्या ट्रेलरचा विषय निघाला तेव्हा मी बांधणाऱ्यांना पाठवायच्या पत्राचा मसुदा लिहून दिला. तळव्याखाली दोन फुटी फळ्या आणि त्या ठेवायला बाहेरून उघडणारी पेटी, अर्थिंगसाठी सांगाड्यावर भरवसा न ठेवता बॅटरीपर्यंत थेट जाड तार, वीज गेली तर कप्पा आत घेता यावा म्हणून हाताचा पंप, संवेदक लोखंडावर, आणि आत, डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, साध्या बुडबुड्याची लेव्हल. उत्तर आले आहे. बाकी सर्व मान्य, फक्त बुडबुड्याच्या लेव्हलची गरज काय, पॅनेलवर दिवा असतोच, अशी विचारणा केली आहे. मी ती लेव्हल जळगावच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणून ठेवली आहे, आणि ती बसवायला मिस्तरीला येत्या बाजाराच्या दिवशी बोलावले आहे.